गॅलरीतली झुडपी काकडी: आधी कात्री खाली ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चौथ्या मजल्यावर पूर्वेकडची ग्रीलची गॅलरी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवलेलं ‘बुश’ काकडीचं बी १० इंची तीन कुंड्यांत लावलं, दर कुंडीत तीन रोपं. आता एप्रिल उजाडला. वेल दीड-दोन फूट होऊन थांबलेत, पिवळी फुलं रोज गळून पडतात, आजवर मिळाल्या चारच काकड्या. त्यातली एक वाकडी, दोन कडू. व्हिडिओत दाखवतात तसं थ्री-जी कटिंग करावं का, की बीच खराब होतं? आणि पावसाळ्यात पुन्हा लावली तर येईल का?

ताई, कात्री आधी खाली ठेवा. बी खराब नाही. उलट पाकिटावर लिहिलं होतं तेच आत निघालंय, आणि ऑनलाइन बियांच्या बाबतीत हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. वेल ‘थांबलेत’ म्हणता, पण झुडपी काकडी थांबतेच. दीड-दोन, फार तर अडीच फूट, एवढीच तिची धाव. तुमचं चुकलंय ते कुंडीत, पाण्यात आणि थोडंसं अपेक्षेत. अपेक्षेपासूनच सुरुवात करते.

मी मूळची राजापूरकडची. आमच्याकडे काकडी म्हणजे मांडवाची. मृगाचा पाऊस पडला की परसात आळी करायची, शेणखत घालून बी टोचायचं, चार मेढी रोवून वर बांबू आणि फांद्या पसरायच्या. वेल बारा-पंधरा फूट सहज जायचे आणि गणपतीच्या आधीपासून मांडवाखालून वाकून चालावं लागायचं, इतक्या काकड्या लोंबायच्या. ज्या नजरेतून सुटायच्या त्या वाढून पिवळ्याधमक व्हायच्या, त्यांची तवसं होऊन धोंडसात, म्हणजे काकडीच्या गोड केकात जायची. त्या वेलाला घाई नसते. आज नाही दिली तर पुढच्या आठवड्यात देईन, असा त्याचा कारभार.

झुडपी काकडीचा कारभार उलटा. तिचं सगळं आयुष्य पेरणीपासून ७५ ते ९० दिवसांचं. पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलं, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली काकडी, आणि मग तीन-चार आठवड्यांत जे काय द्यायचं ते देऊन मोकळी. माझ्याकडे २० लिटरच्या बादलीत नीट वाढलेलं एक झाड ८ ते १२ काकड्या देतं. माझ्या नर्सरीत येणाऱ्यांना हा आकडा सांगितला की चेहरे पडतात. पण एवढ्याशा जागेत, मांडव न घालता, अडीच-तीन महिन्यांत दहा काकड्या मला तरी पुष्कळ वाटतात. या झाडाचं आयुष्य ताणायला जाऊ नका, शेजारच्या कुंडीत पुढचं बी टोचा. खाली जे सगळं सांगणार आहे ते याच हिशोबाने वाचा.

आता थ्री-जी. वेलवर्गातल्या बहुतेक पिकांत मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात, त्याला फुटलेल्या बगलफुटीवर मादी फुलांचं प्रमाण वाढतं, आणि बगलफुटीच्या फुटव्यांवर आणखी वाढतं. म्हणून मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग दुसऱ्या पिढीचा, आणि तिसऱ्या पिढीवर फळं घ्यायची. दुधी, दोडका, मांडवावरची काकडी यांना ही युक्ती लागू पडते. पण झुडपी काकडीचा मुख्य दांडा मुळातच आखूड. त्यावर पेरं जवळजवळ आणि मादी फुलंही त्याच दांड्यावर लवकर लागतात. तुम्ही शेंडा खुडलात तर ज्या फांदीवर काकडी यायची तीच फांदी कापलीत असं होईल. नवीन फूट येईपर्यंत झाडाचं वय संपलेलं असेल. खालची पिवळी, वाळलेली पानं तेवढी काढा. त्यापलीकडे या झाडाला कापाकापी नको.

तुमचं बी खरोखरच झुडपी आहे हे मी इतक्या खात्रीने का म्हणते? माझी एकदा चांगलीच फजिती झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ‘बुश’ म्हणून बी घेतलं आणि चाळीस पिशव्यांत लावलं. सहावं-सातवं पान आलं तेव्हाच शंका आली होती, पण मन मानेना. पंधरा दिवसांत वेल शेजारच्या टाकीवर चढले, तिथून डिश अँटेनावर. तेव्हापासून मी बोटांनी मोजते. पाचवं-सहावं पान आलं की दोन पानांच्या देठांमधलं अंतर बघायचं. झुडपी जातीत ते दोन-तीन बोटं भरतं, पानं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. वेलाच्या जातीत तिथे तुमची चार बोटं आणि वर अंगठा मावतो. ताणे दोन्हींना येतात, त्यामुळे ताणे पाहून ‘फसवलं’ म्हणू नका.

जातींबद्दल थोडं, कारण नावांचा फार घोळ असतो. खऱ्या झुडपी जाती बहुतेक अमेरिकेतल्या. ‘स्पेसमास्टर’ ही कॉर्नेल विद्यापीठात हेन्री मंगर यांनी तयार केलेली, १९८० च्या सुमाराची; सात-आठ इंची, गडद हिरवी काकडी. ‘सॅलड बुश’ला १९८८ साली तिकडचा ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. ‘बुश चॅम्पियन’ झाड लहान पण काकडी चांगली लांबलचक देते. आपल्या जाती चवीला काकणभर सरसच, पण त्या वेलाच्या. राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी, दापोलीची शीतल (ही जास्त पावसाच्या भागासाठी) आणि जुनी पूना खिरा, या सगळ्यांना आधार लागतो. पूना खिऱ्याच्या नावात पुणं आहे म्हणून पुणेकर मोठ्या प्रेमाने ती गॅलरीत लावतात, आणि मग ग्रील भरून वेल वरच्या मजल्यावर पोचला की माझ्याकडे येतात. अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेतून बी आणायला सांगू नका. बियांच्या आयातीला नियम आहेत आणि ते उगाच नाहीत. काकडीवर्गातला एक हिरव्या मोझॅकचा विषाणू बियांतूनच पसरतो.

कुंडीकडे वळू, कारण तुमच्या तक्रारीचं अर्धं मूळ तिथे आहे. १० इंची कुंडीत जेमतेम ८-१० लिटर माती मावते. त्यात तीन रोपं म्हणजे एकेकीला तीन लिटर. काकडीची मुळं उथळ पण पसरट असतात, आणि फळ म्हणाल तर जवळजवळ सगळं पाणीच. तीन लिटर मातीतून झाड एप्रिलच्या दुपारी ते पाणी आणणार कुठून? एका झाडाला निदान १५ लिटर, जमल्यास २०. मला सगळ्यात सोयीची वाटते ती भिंतीच्या प्लॅस्टिक रंगाची २० लिटरची रिकामी बादली. रंगारी फुकट देतात. घासून धुवायची, तळाला बोटाएवढी सहा-सात भोकं पाडायची, आणि तळापासून दोन बोटं वर बाजूलाही दोन भोकं, म्हणजे ती फरशीवर चपखल बसली तरी पाणी तुंबत नाही. ऑइल पेंटची, थिनरचा वास मारणारी घेऊ नका.

मातीचं मिश्रण प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो. माझं असं: चार पाट्या बागेची माती, तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन पाट्या भिजवून एकदा धुतलेलं कोकोपीट, एक पाटी भाताचं तूस. दर बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती माती भराल तर ओली बादली ३० किलोंच्या पुढे जाते. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत अशा दहा ठेवण्याआधी विचार करावा लागतो. पण नुसत्या कोकोपीटवरही काकडी लावू नका. ते वरून कोरडं दिसतं, आत चिखल असतो, आणि अन्न म्हणून त्यात काही नसतं.

काकडीला मुळं हलवलेली चालत नाहीत. बी थेट बादलीतच, अर्धा इंच खोल, तीन ठिकाणी टोचायचं. २५ ते ३० अंशांच्या हवेत चार-पाच दिवसांत उगवतं. दोन खरी पानं आली की सगळ्यात ठसठशीत रोप ठेवायचं आणि बाकीची दोन काढायची. ही पायरी तुम्ही गाळलीत, आणि तुम्हीच काय, सगळेच गाळतात. उगवलेलं रोप काढायला हात धजत नाही हे मला कळतं. पण त्या दोघींच्या मायेपायी तिसरीही उपाशी राहते.

आता गळणारी फुलं. सकाळी सात वाजता चहाचा कप घेऊन गॅलरीत जा आणि एकेका फुलाची मान बघा. बहुतेक फुलं बारीक, सरळ देठावर, दोन-तीनच्या झुपक्यात असतील. ती नर फुलं. एक दिवस फुलायचं, दुसऱ्या दिवशी गळायचं, एवढंच त्यांचं काम, त्यांच्यासाठी जीव टांगणीला लावू नका. मधूनच एखादं फूल एकटं दिसेल आणि त्याच्या मागे, देठाच्या जागी, इंचभराची काटेरी लव असलेली इवलीशी काकडी असेल. ती मादी. सुरुवातीचा आठवडा-दहा दिवस नुसती नर फुलं येणं हे ठरलेलंच आहे. कडक ऊन, लांबत चाललेले दिवस आणि नत्राचं जास्त खत, या तिन्हींमुळे नरांचं प्रमाण आणखी वाढतं. त्यातलं तिसरं तुमच्या हातात आहे.

चिंता कशाची करायची, तर ती इवलीशी काकडी टोकाकडून पिवळी पडून सुकत असेल तर. म्हणजे पराग पोचला नाही. मादी फूलही एकच दिवस उघडं असतं, आणि फळ नीट भरायला त्यावर मधमाशी आठ-दहा वेळा तरी बसून जावी लागते. दोन-तीनदाच बसली तर काही बिया भरतात, काही नाही. ज्या बाजूला बी भरलं ती बाजू वाढते, दुसरी मागे राहते आणि काकडी कोयत्यासारखी वाकते. तुमची वाकडी काकडी बहुधा याच कारणाची. कापून बघितलीत तर आतल्या बाकाकडच्या बिया पोकळ दिसतील.

चौथ्या मजल्यावर, ग्रीलच्या आत माशी कमी येते. तिची वाट पाहण्यापेक्षा आपणच माशी व्हावं. पद्धत सांगते. सात ते नऊच्या दरम्यान ताजं उघडलेलं एक नर फूल देठासकट खुडा. त्याच्या पिवळ्या पाकळ्या हलकेच सोलून टाका. आत मधोमध पिवळसर दांडी राहील, ती नखाला लावली तर नखावर भुकटी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर फूल शिळं, दुसरं घ्या. मादी फुलाच्या मधोमध तीन फुगीर ओठांसारखा भाग असतो. त्या तिन्हींवर ही दांडी हलक्या हाताने फिरवा, टेकवून टेकवून. एका नर फुलात दोन माद्या उरकतात. मी दर मादी फुलाला दोन नर वापरते, कारण गॅलरीत नरांची कमी नसतेच. तिसऱ्या दिवशी काकडीचं तोंड खाली वळलं आणि रंग गडद झाला की समजायचं, काम झालं. शिवाय शेजारी तुळस मंजिऱ्यांवर ठेवा, सब्जा ठेवा. तुळशीच्या मंजिरीवर येणारी ती चिमुकली फुलोरी माशी जाता जाता काकडीवरही उतरते. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात असं घरची मोठी माणसं म्हणतात. एका कुंडीपुरतं त्यांना समजावून सांगा.

रोज सकाळी हे जमणार नसेल तर पॉलिहाउसवाले लावतात त्या बिनबियांच्या काकडीचं बी मिळतं. तिला परागीभवन लागतच नाही. बी महाग, आणि जात वेलाची, दोरीवर चढवावी लागते. एक गंमत लक्षात ठेवा: ती तुमच्या साध्या काकडीशेजारी लावली आणि माशीने पराग नेला, तर तिच्यात बिया धरतात आणि खालचं टोक डमरूसारखं फुगतं.

कडूपणाचं काय? काकडीच्या झाडात कुकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. पानं तर बहुतेक जातींत कडूच असतात. झाड त्रासात पडलं की ते फळात उतरतं, मुख्यतः देठाकडच्या भागात आणि सालीलगत. त्रास म्हणजे एक दिवस कोरडं, एक दिवस पूर. उन्हाने तापलेली कुंडी. उशिरा तोडलेलं फळ. आपण देठाचा तुकडा कापून तो घासून फेस काढतो ना, त्यात फायदा होतो तो देठाचा बोटभर भाग कापून टाकण्याचा. घासण्याने आतला कडूपणा बाहेर येतो असं मला कधी आढळलं नाही. माझ्या आईला हे सांगून मी काही मिळवलं नाही, तेव्हा तुम्ही सासूबाईंशी वाद घालू नका, देठ मात्र भरपूर कापा. आणि एखादी काकडी जहर कडू निघाली तर थुंकून टाका, कोशिंबिरीत दही-साखर घालून मुरवू नका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडल्याच्या घटना आपल्याकडे झालेल्या आहेत, आणि ते द्रव्य याच घराण्यातलं.

पाण्याचा नियम साधा ठेवा. २० लिटरच्या बादलीला एप्रिलमध्ये सकाळी एक लिटर, संध्याकाळी एक लिटर. फळं भरायला लागली की थोडं वाढवायचं. त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर तेवढी वेळ सोडायची. भर दुपारी दोन वाजता पानं मान टाकतात, त्याला लगेच पाणी ओतू नका. ऊन उतरल्यावर आपोआप उभी राहिली तर तहान नव्हती, फक्त ऊन होतं. सहा वाजताही लोळलेलीच असतील तर पाणी कमी पडतंय. मातीवर तीन-चार बोटं जाडीचा वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर हवाच. रसवंतीवाल्याकडे मिळणारा उसाचा चोथाही चालतो, पण दोन-तीन वेळा धुऊन, कडकडीत वाळवून; नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. आणि काळी बादली उन्हाकडे असेल तर तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा. पूर्वेच्या गॅलरीत तुम्हाला चार-साडेचार तास ऊन मिळत असेल. काकडीला सहा तास आवडतं, पण उन्हाळ्यात एवढ्यावर भागतं. ग्रीलला हिरवी जाळी लावली असेल तर ती सकाळी गुंडाळून ठेवा.

खतात लोक दोन टोकांना जातात. एक तर काहीच नाही, नाहीतर दर चार दिवसांनी काहीतरी ओतणं चालू. पहिले तीन आठवडे मातीतलं खत पुरतं. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी पातळ जीवामृत, बादलीला अर्धा लिटर. घरापुरतं करायचं तर २ लिटर पाण्यात १०० ग्रॅम शेण, १०० मिली गोमूत्र, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर झाडाखालची माती. सावलीत तीन दिवस, रोज दोनदा ढवळून, आणि देताना दहापट पाणी. फ्लॅटमध्ये याचा वास चालत नसेल तर गांडूळखताची मूठ मातीत मिसळून पाणी द्या, तेही चालतं. विद्राव्य खत वापरणाऱ्यांनी फुलं येईपर्यंत १९:१९:१९ (पाकिटावरचे हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) लिटरला २ ग्रॅम, फळं धरल्यावर ०:०:५० तेवढंच, दहा दिवसांनी एकदा. युरिया नको. पानं थाळीएवढी होतील आणि ताटात काही पडणार नाही. केळीच्या सालीच्या पाण्याबद्दल विचारू नका. साल कंपोस्टात टाका, तिथे ती उपयोगी पडते.

किडींकडे येते. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की मला रात्री अकराला फोटो येतात. ती नागअळी. चार-पाच पानांवर असेल तर ती पानं खुडून पिशवीत बंद करून टाका, संपला विषय. त्यासाठी बाजारातून जालीम कीटकनाशक आणून, ज्या झाडाची काकडी परवा खायची त्यावर मारणं म्हणजे काकडीच्या चोरीला फाशीची शिक्षा. तांबडे भुंगेरे जास्त नुकसान करतात, रोप दोन-तीन पानांचं असताना चाळणी करून टाकतात. ते पहाटे गारठलेले असतात. साबणाच्या पाण्याची वाटी पानाखाली धरायची आणि पान टिचकीने हलवायचं, टपाटप पडतात. ऊन चढल्यावर एकही हाती लागत नाही. मावा आणि पांढरी माशी पानाच्या मागच्या बाजूला असतात, त्यांच्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबणाचा फेस घालून संध्याकाळी फवारायचा. सकाळी नको, मधमाश्यांची वेळ असते.

फळमाशी मात्र गॅलरीतही पोचते. कोवळ्या काकडीवर डिंकासारखा बारीक थेंब दिसला आणि तिथून काकडी आत ओढल्यासारखी झाली, तर आत अंडी घातली गेली. ती काकडी ठेवून उपयोग नाही. शेतात क्यू-ल्यूर या गंधाचे सापळे लावतात, पण ते फक्त नरांना ओढतात आणि चार झाडांसाठी ते लावून शेजारपाजारच्या माश्या आपल्याकडे बोलावण्यात मला अर्थ दिसत नाही. हाताने परागीभवन केल्यावर तिसऱ्या दिवशी काकडीला जुन्या मलमलीची किंवा कागदाची पिशवी घाला, दोरा सैल बांधा. चार झाडांना हे सहज जमतं.

भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी पूड, झाडाच्या उतारवयात येतेच. सुरुवातीला एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं आठवड्यातून एकदा, उन्हात फवारा. हा नुसता आजीबाईचा बटवा नाही. १९९९ साली ब्राझीलमध्ये झुकिनीवर यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. गंधकाची पूड मात्र उन्हाळ्यात काकडीवर मारू नका, पानं करपतात.

पावसाळ्याचं विचारलंत. येईल, पण गॅलरीत जिथे थेट पाऊस येत नाही तिथेच. पुण्याच्या ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेच्या गॅलरीला उजेड कमी पडतो, आणि पान ओलं राहिलं की केवडा येतो: पानावर शिरांच्या चौकटीत पिवळे कोनाकोनाचे ठिपके, मागून करडी-जांभळट बुरशी. उपाय एकच, पाणी मातीत द्यायचं, पानावर नाही, खालची दोन-तीन पानं काढून हवा खेळती ठेवायची. गच्ची असती तर मी जूनच्या मध्याला बिनधास्त लावा म्हटलं असतं. तुम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एकच बादली लावून बघा. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली काकडी लागते. चौथ्या मजल्यावरच्या बादलीइतकी निर्विवाद काकडी दुसरी कुठली मिळणार? मुंबई-कोकणातल्या मंडळींनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी साधावा, तिथल्या थंडीत काकडी कुढत नाही. नागपूरकडे उन्हाळी बी जानेवारीअखेर पडलंच पाहिजे, नाहीतर मेच्या उन्हाशी गाठ आहे.

पुढच्या वर्षी एकदम तीन कुंड्या नको. २० जानेवारीला एक बादली, १० फेब्रुवारीला दुसरी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसरी. म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत कुठली ना कुठली बादली देत राहते. काकडी तोडायची ती फूल उघडल्यापासून आठ-दहा दिवसांत, वितीएवढी झाली की. दिवसाआड बघायची, कात्रीने देठ कापून घ्यायची, ओढून नाही. एक जरी पिवळी होऊ दिलीत तर झाडाला वाटतं बी तयार झालं, आणि ते पुढची फुलं धरायचं सोडून देतं. बी धरायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात, एकाच झाडावर, आणि हायब्रिड असेल तर त्या फंदात पडू नका. शेजारच्या कुंडीतल्या दुधी-कारल्यामुळे किंवा वाळकामुळे काकडीचं बी बिघडत नाही. दुसऱ्या जातीच्या काकडीमुळे मात्र बिघडतं.

राहिला आजचा प्रश्न. तुमची झाडं साठ दिवसांची आहेत, म्हणजे अजून तीन आठवड्यांचा माल त्यांच्यात आहे. आता ती कात्री घ्या. दर कुंडीतलं सगळ्यात तजेलदार झाड ठेवा, बाकीची दोन मातीलगत कापा. उपटू नका, तिघींची मुळं एकमेकींत गुंतलेली आहेत. कुंडीवर पाला पसरा, संध्याकाळी पाणी द्या, कुंडी भिंतीपासून हातभर पुढे ओढा, आणि उद्या सकाळी सातला नर फूल घेऊन तयार राहा. कापलेल्या झाडांवर बोटाएवढ्या काकड्या असतील, त्या टाकू नका. देठाकडचा तुकडा आधी जिभेला लावून बघा. कडू नसेल तर पुसून, मीठ लावून तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाका.